राहिलेला ठोका

मित्रांनो, मी रुळाचा एक जुना तुकडा आहे, हातभर लांब. पिंगळी स्टेशनजवळ कितीतरी वर्षं माझ्या अंगावरून गाड्या धडधडत गेल्या. झिजल्यावर मला काढलं, कापलं आणि ख्रिस्ती वस्तीतल्या प्रार्थनाघरासमोर कडुलिंबाला टांगलं. तेव्हापासून लोक मला घंटा म्हणतात. रूप नसलं तरी माझा आवाज खणखणीत आहे, हे माझं मीच सांगतो. दुसरं कोण सांगणार?

मला वाजवायचं काम धुरपताबाईंचं. रविवारी पाच ठोके. कुणी वारलं तर त्याच्या वयाइतके, सावकाश. आणि प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे न मोजता, हात दुखेपर्यंत. त्या पहाटे त्यांची मुलगी सत्यशीला माझ्याखाली नाचायची.

मग दुष्काळ पडला. विहिरींत गाळ उरला. धुरपताबाई दिवसभर खडी फोडायच्या. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सत्यशीलेला हगवण लागली आणि पुनरुत्थानाच्या आदल्या दिवशी ती गेली. आईला हातोडी उचलवेना. पाळक माणिकरावांनी वहीतलं बाप्तिस्म्याचं साल पाहून मला सहा ठोके दिले. पोरीला पुरून सगळे परतले. मी लोखंडाचा, तरी मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी धुरपताबाई पाळकांना म्हणाल्या, "उद्या माझ्याच्यानं वाजवणं व्हणार न्हाई."

"नका वाजवू. उद्या घंटा मुकी ऱ्हाऊ द्या."

पहाटे मात्र त्या आल्या. माणिकराव दारातच उभे होते.

"बाबा, एक ठोका ऱ्हायलाय. बाप्तिस्मा झाला तवा लेकरू वर्साचं व्हतं. तुमी सहाच दिले."

माणिकरावांनी मान खाली घातली. "चुकलं माझं. द्या तुमी."

त्यांनी एक ठोका दिला, सावकाश. तो विरेपर्यंत त्या थांबल्या.

"माझी सत्यशीला उठंल का, बाबा?"

"उठंल. येशू उठला, तशीच उठंल."

धुरपताबाईंनी पुन्हा हातोडी उचलली. आता त्या मोजत नव्हत्या. रडत होत्या आणि वाजवत होत्या. वस्ती जागी झाली, बायका गीत म्हणत बाहेर आल्या. मला तेव्हा जो आनंद झाला, त्यात दुःखही तेवढंच होतं.

आता नवी पितळी घंटा आली आहे आणि मी गंजत चाललो आहे. पण मित्रांनो, मला भंगारात देऊ नका. पुनरुत्थानाच्या पहाटे धुरपताबाई अजून येतात. नव्या घंटेआधी मला एक ठोका देतात, सावकाश. तेवढ्यासाठी मला या झाडावर राहू द्या.