कट म्हटल्यानंतर

म्हाताऱ्याचा सिनेमा तसा हसण्याचाच होता. एक माणूस जगाला कंटाळतो, गुपचूप निरोप घ्यायचं ठरवतो, आणि दर खेपेला ऐन वेळी त्याचा मित्र दारात उभा. कधी त्याला साक्षीदार म्हणून सही हवी असते, कधी नवा शर्ट अंगावर कसा दिसतो ते विचारायचं असतं, तर कधी दूध नासलंय का ते चाखून बघायला माणूस हवा असतो. बिचाऱ्याचं मरण आपलं लांबत जातं. म्हाताऱ्याने पहिल्यांदा पटकथा वाचून दाखवली, तेव्हा त्याच्या ताईच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये जमिनीवर बसलेली सगळी मंडळी पोट धरधरून हसली होती. सगळ्यात जास्त हसला होता ससा.

ससा म्हणजे सिनेमाचा साउंडवाला. मोठ्या कानांमुळे शाळेत हे नाव पडलं, आणि स्वभावही तसाच निघाला. कुठे आवाज चढला की हा आधी दार शोधणार. म्हातारा त्याच्याच बाकावरचा. पंधराव्या वर्षी कानशिलं पांढरी झाली म्हणून म्हातारा. आता दोघंही बेचाळिशीचे. ससा कानांच्या दवाखान्यात नोकरीला होता. माणसांना काचेच्या खोलीत बसवायचं आणि ‘आवाज आला की बटण दाबा’ म्हणायचं, हे त्याचं काम. म्हातारा मिक्सर, इस्त्री, गिझर यांच्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहायचा. वीस वर्षं तो लोकांना ओल्या हाताने बटण दाबू नका म्हणून बजावत आला होता. लग्न केलं नव्हतं. आईचं पाच वर्षं अंथरुणावरचं केलं, आणि ती गेल्यावर दोन खोल्यांत एकटाच राहिला. सिनेमा त्यानंतर सुचला.

शूटिंग फक्त सुट्टीच्या दिवशी. कॅमेरा एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुलीचा. तिला सगळे कॅमेरावालीच म्हणत. सिनेमातल्या मित्राचं काम करायला बँकेतले एक साहेब होते, हौशी नाटकांत मुरलेले. मरायला निघालेल्या माणसाचं काम करणारा नट मात्र अर्ध्यावरच एका मालिकेत पळाला. आता काय, म्हणून सगळ्यांनी डोक्याला हात लावला. म्हातारा म्हणाला, “मी करतो. सगळं पाठच आहे मला.”

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लिहिलंय त्याने, मग पाठ असणारच.

पत्राचा सीन त्यांनी एका रविवारी दुपारी घेतला. माणूस टेबलाशी बसून शेवटचं पत्र लिहितोय, तेवढ्यात मित्र येतो. हा मित्र पेशाने मास्तर. तो पत्र उचलतो, वाचतो आणि खिशातून लाल पेन काढतो.

“‘निरोप’मधला नि ऱ्हस्व. किती वेळा सांगायचं?”

“अरे, मी मरतोय.”

“मरतोयस ते ठीक आहे. पण लोक वाचणार आहेत हे.”

कॅमेरावालीने तोंडात रुमाल कोंबला. दिवे धरून उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघायचंच टाळलं. सशाला मात्र हसू आलं नाही. म्हाताऱ्याच्या शर्टाच्या आत टाचलेल्या छोट्या माइकमधून त्याला इतरांपेक्षा जास्त ऐकू येत होतं. पोटातली गुडगुड ऐकू येत होती, म्हणजे गड्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. आणि ‘मी मरतोय’ म्हणताना आवाज जराही हलला नव्हता. नट अशा वाक्यावर काहीतरी करतोच. दम घेतो, आवाज पाडतो. म्हाताऱ्याने कुणाला पत्ता सांगावा तसं ते वाक्य सांगितलं होतं. सशाच्या मनात पाल चुकचुकली, पण त्याने तिच्याकडे कानाडोळा केला. कॅमेरावालीने “कट!” म्हटलं, सगळे चहाकडे वळले, आणि त्या घाईत सशाकडून रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला.

पुढच्या शनिवारी, वीस तारखेला, दुपारी घरी कुणी नसताना तो रेकॉर्डिंग लावून बसला. पत्राचा सीन संपला, खुर्च्या सरकल्या, पावलं लांब गेली. तो पुढे ढकलणार, तेवढ्यात दार लावल्याचा आवाज आला आणि मग म्हाताऱ्याचा, अगदी जवळून, हळू.

“ताई. कपाटाची किल्ली घड्याळामागे आहे. विम्याचे कागद निळ्या फायलीत. आईचं शिवणयंत्र शेजारच्या काकूंना दिलं आहे, ते परत मागू नये. गिझरचं बटण वापरानंतर बंद करावं. यात कुणाचाही दोष नाही.” मग थोडा वेळ नुसता श्वास. “सशाला सांगावं की शूटिंग अठ्ठावीसला संपतंय. पुढचं त्याने बघावं.”

नळ सोडल्याचा आवाज आला. लांबून कॅमेरावालीची हाक आली, “चहा गार होतोय हो!” आणि म्हातारा खुशीत ओरडला, “आलो, आलो! माझा कप कुणी उष्टा करू नका!”

त्या खुशीतल्या हाकेपाशी सशाने रेकॉर्डिंग थांबवलं.

त्याने ते तीनदा ऐकलं. लेखक माणूस आहे, संवाद घोळवत असेल, असं मनाला समजावून पाहिलं. पण पटकथेत ताई नव्हती, गिझर नव्हता. ससा तर नव्हताच. आज वीस तारीख. आठ दिवस. मग त्याने चपला पायात सरकवल्या आणि तो चालत निघाला. रिक्षा मिळत होती, पण काय बोलायचं ते जुळवायला वेळ हवा होता. वीस मिनिटांत एकही वाक्य जुळलं नाही.

म्हाताऱ्याने दार उघडलं. घर नको इतकं आवरलेलं होतं. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले, प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. शिवणयंत्राच्या जागी फरशीवर चार ठसे.

“अरे, तू? ये की. साफसफाई काढलीय.”

सशाला दवाखान्यातली सवय. ऐकू न येणाऱ्यांशी बोलून बोलून त्याचा आवाज भलत्या वेळी मोठा व्हायचा. तसाच तो आताही झाला.

“तू जीव द्यायचं ठरवलंयस का?”

जिन्यात कुणाच्या तरी हातातली बादली दणकन खाली टेकली. म्हाताऱ्याने त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

“वेडा आहेस का तू?”

“माइक चालू होता. रविवारी. कट म्हटल्यानंतर.”

म्हाताऱ्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. “चोरून ऐकलंस माझं?”

“तू माइक काढला नाहीस.”

“म्हणून ऐकायचं? गाढवा, तीस वर्षांची मैत्री आहे आपली!”

“म्हणूनच आलोय ना!”

दोघंही ओरडत होते. आणि मग म्हातारा एकाएकी ओरडायचा थांबला, भिंतीला टेकून खाली बसला. आवाज पुन्हा तो पत्ता सांगणारा झाला.

“कारण विचारू नकोस. कारण असतं तर मी त्याच्यावर पुस्तिका लिहिली असती. सकाळी उठलं की दात घासायचं सुद्धा डोंगराएवढं वाटतं. अठ्ठावीसपर्यंत थांबायचं असं स्वतःला सांगत होतो. माणसं सुट्ट्या टाकून येतात, त्यांचा खोळंबा कशाला.”

ससा त्याच्यासमोर फरशीवर बसला. सिनेमातल्या मित्राला अशा वेळी काहीतरी सुचलं असतं, दूध नाहीतर शर्ट. “मला तुझ्या त्या मास्तरासारखं काही सुचत नाही रे,” तो म्हणाला. “मी ताईला बोलावतोय.”

“ताईला नको.” म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. “सशा, पाया पडतो. तिला नको. तिने आईचं मरण बघितलंय. तुला शपथ आहे.”

आयुष्यात सशाने म्हाताऱ्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्याने हात सोडवून घेतला, खिडकीशी गेला आणि फोन लावला. मागून म्हातारा म्हणाला, “मग आजपासून तुझा माझा संबंध संपला.” ससा फोनवर ताईला म्हणाला, “लगेच ये. मी इथून हलत नाही.”

ताई अर्ध्या तासात आली, कामावरचं ओळखपत्र गळ्यात तसंच. गठ्ठे पाहिले, चिठ्ठ्या पाहिल्या. आपल्या नावाची चिठ्ठी तिने काढली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. भावाच्या शेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, “मी चार जिने चढून आलेय. आता मला काही विचारायचं नाही, तुला काही सांगायचं नाही. फक्त उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं.” म्हाताऱ्याने नाही म्हटलं नाही. ती रात्र दोघं त्याच्याजवळच थांबली, आणि सकाळी तिघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तासभर बोलून त्याला दाखल करून घेतलं.

तो तीन आठवडे तिथे होता. ससा रोज संध्याकाळी जायचा. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडायचा. पहिले काही दिवस सशाने आत बसून पाहिलं, मग तो बाहेरच्या बाकावर ताईजवळ बसू लागला. एकदा ताई म्हणाली, “त्याचं मनावर घेऊ नकोस.” ससा म्हणाला, “घेत नाही.” पण घेत होता. आपण बरोबर केलं हे त्याला ठाऊक होतं, आणि आपण त्याला उघडं पाडलं हेही. दोन्ही गोष्टी एकाच छातीत घेऊन तो सकाळी कामावर जायचा आणि लोकांना बटण दाबायला सांगायचा.

अठ्ठावीस तारीख येऊन गेली. कॅमेरावालीने शूटिंग का थांबलं ते एकदाच विचारलं. ससा म्हणाला, “बरं नाहीये त्याला.” तिने मान हलवली आणि दिवे आपल्या घरी नेऊन ठेवले.

म्हातारा घरी आल्यावरही महिनाभर त्याने सशाचा फोन उचलला नाही. मग एका बुधवारी अकराच्या सुमाराला सशाने पुढचा पेशंट आत घ्यायला दार उघडलं, तर बाकावर दोन आजोबांच्या मधोमध म्हातारा. गोळ्यांनी चेहरा थोडा सुजलेला, दाढी केलेली, हातात नंबराचा कागद.

“तुला काय झालं?” ससा म्हणाला.

“माझा नंबर आहे. बारावा.”

“ऐकू येत नाही का?”

“येतं. पण दुसरीकडे बसायला जागा नव्हती.”

सशाने त्याला आत घेतलं. दोघं मशीनशेजारी उभे राहिले, बाहेर आजोबा खोकत होते. म्हातारा कागदाची घडी करत म्हणाला, “शेवटचा सीन मी फाडला. त्यात तो मरतो, आणि मित्राला दोन मिनिटं उशीर होतो. त्यावर एक विनोद होता. चांगला होता, बरं का.”

“असेल.”

“दुसरा सुचत नाहीये.”

“नसू दे.”

“राग गेला नाहीये माझा तुझ्यावरचा.”

“नसू दे,” ससा पुन्हा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने मशीनकडे तोंड करून पुसलं. “बाहेर आजोबा खोळंबलेत. एक वाजता जेवायची सुट्टी आहे. थांबशील?”

म्हातारा थांबला.

सिनेमाचा शेवट सापडायला आणखी चार महिने गेले, आणि तो सापडला कॅमेरावालीला. एकदा शूटिंगसाठी कपाट वर नेताना म्हातारा आणि बँकेतले साहेब जिन्याच्या वळणावर अडकले होते. कपाट ना वर जात होतं, ना खाली येत होतं. दोघं घामाघूम होऊन पायरीवर टेकले, साहेब म्हणाले, “बसू जरा,” आणि म्हातारा म्हणाला, “मग बघू.” तिने ते गंमत म्हणून टिपलं होतं. सशाकडे त्याचा आवाज नव्हता, म्हणून त्या दोघांना पुन्हा बोलावून ती दोन वाक्यं वेगळी घ्यावी लागली. म्हाताऱ्याने आपलं वाक्य म्हणायच्या आधी दम घेतला. हेडफोनमध्ये सशाला तो ऐकू आला. त्याने फक्त अंगठा वर केला.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो एका शाळेच्या सभागृहात, दुपारी चारला. साठेक खुर्च्या मांडल्या होत्या, चाळीस भरल्या. पत्राच्या सीनला लोक खदखदून हसले. ताई हसली नाही. ती हातातली पर्स घट्ट धरून पडद्याकडे बघत राहिली. ‘लोक वाचणार आहेत हे’ या वाक्यावर टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत म्हातारा उठून बाहेर गेला.

ससाही उठला.

म्हातारा व्हरांड्यात नळावर तोंड धूत होता. रुमाल आणायला विसरला होता, म्हणून बाहीनेच पुसलं.

“हसले,” तो म्हणाला.

“हो.”

“हसायलाच पाहिजे होतं त्यांनी. मीच तसं लिहिलंय.” त्याने नळाची तोटी घट्ट केली. “मला अजून बरं नाहीये, सशा. काही दिवस बरे जातात. कालचा नाही गेला.”

“काल फोन का नाही केलास?”

“तू म्हणशील, उद्या सिनेमा आहे.”

“मी असं म्हणेन?”

“नाही म्हणणार,” म्हातारा म्हणाला. “पण रात्री वाटतं तसं.”

आत पुन्हा हशा उसळला. दोघांनी तिकडे पाहिलं, पण कुणी हललं नाही.

“मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय,” म्हातारा म्हणाला. “ताईला सुट्टी नाही. येशील?”

“किती वाजता?”

“दहा.”

सशाला दहाला दवाखाना उघडायचा असतो. त्याने खिशातून फोन काढला आणि तिथल्या तिथे, भिंतीला टेकून, कामावरच्या डॉक्टरीणबाईंना मंगळवारी उशिरा येत असल्याचं कळवलं. म्हातारा शेजारी उभा राहून त्याचं लिहून होईपर्यंत थांबला.