पूर्वी मी शेवटचा होतो

मी एक जुना ट्रामचा थांबा आहे. आता चारचौघांसारखा, पण पूर्वी मी जलद ट्रामचा अगदी शेवटचा थांबा होतो आणि मित्रांनो, त्याचा मला भारी तोरा होता.

माझा जन्म झाला तेव्हा इथे नुसतं माळरान होतं. गवंड्यांनी फलाट बांधला, सुतारांनी लांबलचक बाक ठोकला, वर पत्र्याचं छप्पर चढलं. रूळ माझ्यापाशी येऊन संपायचे. ट्राम आली की चालक पुढच्या केबिनमधून उतरून, फलाटावरून चालत मागच्या केबिनमध्ये जायचे. तेवढा वेळ ट्राम विसावायची. झोपलेल्या प्रवाशांना सफाईवाल्या मावशी हलवून उठवायच्या. "उठा, जग इथंच संपलं," म्हणायच्या.

माझ्या छपराखाली एक छत्रीवाला बसायचा. शेजारी त्याची आई बटणं आणि दोरे विकायची. एक चालकबाई केबिन बदलता बदलता त्याच्याकडे आपली छत्री टाकून जायची. आज काडी वाकली, उद्या मूठ निसटली, परवा कापड उसवलं. तो मान खाली घालून छत्री नीट करायचा आणि पुढच्या फेरीला परत द्यायचा. कानाच्या पाळ्या मात्र लालबुंद.

एकदा भर उन्हाळ्यात आईनं विचारलं, "अरे, पाऊस नाही, वारा नाही. मग हिची छत्री मोडते कशी?"

हल्ली मालच हलका येतो, असं तो गंभीरपणे म्हणाला. आईनं कपाळाला हात लावला.

मग बातमी आली, की रूळ पुढे नव्या वसाहतीपर्यंत जाणार. माझ्यापाशी ट्राम फक्त दारं उघडून मिटण्यापुरती थांबणार. माझा तोरा उतरला. पण त्या छत्रीवाल्याचा चेहरा त्याहून जास्त उतरला. शेवटच्या दिवशी तो सकाळपासून काहीतरी पुटपुटत पाठ करत होता. बाई आली, समोर उभी राहिली.

"काडी बदललीय," तो म्हणाला.

तिनं छत्री घेतली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवसापासून ट्राम येत आणि निघून जात. छत्रीवाला नुसता बघत बसे. अखेर एका दुपारी आईनं त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली. "ट्राम थांबत नाही, तर तू ऊठ," ती म्हणाली. तेवढ्यात बाईची ट्राम आली. कामाच्या वेळी कधी जागा न सोडणारा तो गडी धावला आणि दारं मिटता मिटता आत शिरला.

पुढचं मला दिसलं नाही. त्याच्या आईनं मावशींना सांगितलं, ते मी कान टवकारून ऐकलं. नव्या टोकाला पोचल्यावर त्यानं बाईला विचारलं, "छत्री रोज घरीच दुरुस्त करून दिली, तर चालेल का?"

"चालेल की," ती म्हणाली. "म्हणजे मला ती सारखी मोडायला नको."

परतीच्या फेरीत ट्रामनं माझ्यापाशी विनाकारण तीनदा घंटा वाजवली. आई बटणांच्या डब्यात तोंड घालून हसत होती.

आता सुट्टीच्या दिवशी दोघं माझ्या बाकावर बसून शेंगदाणे खातात. शेवटचा असण्याचा तोरा कधी विरला, मला कळलंही नाही. रंग मात्र उडालाय आणि बाकावर कुणी चाकूनं रेघोट्या ओढल्यात. मित्रांनो, एवढं करा: माझा बाक जपा, त्यावर पुढेही माणसं बसणार आहेत. आणि कुणाला मनातलं काही सांगायचं असेल, तर वेळेवर सांगा. पक्कड काढून घेणारी आई सगळ्यांच्याच शेजारी बसलेली नसते.