तिसरा ठोसा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला साळसूद समजून तुम्ही पुढचं ऐकायला नको. माझ्या साडूचा हात मोडला तो माझ्यामुळे. अपघात-बिपघात काही नाही. मी मोडला.

मी सुतार. साडू शिंपी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. चार-पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला साखर सांगितली आणि मला माझंच सुटलेलं पोट दाखवलं. दोघी बहिणींनी फोनवर काय खलबतं केली देव जाणे, पण एक तारखेला आम्हा दोघांची नावं कराटेच्या वर्गात घालून मोकळ्या! त्याचं वय सेहेचाळीस, माझं चव्वेचाळीस. तोवर आमचं अहो-जाहो चालायचं. रोज सकाळी सहाला एकमेकांना लाथा घालायला लागल्यावर ते आपोआप गळून पडलं.

पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा. पाच पट्टे आम्ही जोडीने बांधले. मला वाटायचं, करवत ओढून कमावलेले हात आहेत आपले, हा दिवसभर बसून शिवणारा माणूस किती टिकणार? पण पठ्ठ्या चिवट. कपडा बेतताना सुद्धा पाय कराटेच्या पवित्र्यात असायचे त्याचे. तपकिरी पट्ट्याच्या परीक्षेत मी एका वळणावर घोळ घातला. सगळे उजवीकडे वळले, मी डावीकडे, आणि पुढचं अर्धं मिनिट भिंतीकडे तोंड करून एकटाच लढत होतो. सगळा हॉल हसला. साडू पास झाला, मी नापास.

आमच्या वर्गात पट्ट्याप्रमाणे रांग लागते आणि मागच्याने पुढच्याला वाकून नमस्कार करायचा असतो. पहिल्यांदा मी त्याच्यापुढे वाकलो तेव्हा त्यालाच हसू फुटलं. मला नाही फुटलं. त्याच आठवड्यात त्याने मला नवा ड्रेस शिवून दिला, कमरेत दोन बोटं सैल ठेवून, आणि त्या दोन बोटांबद्दल चकार शब्द काढला नाही. चांगल्या मनाने केलं होतं हो त्याने. मला मात्र वाटलं, दया दाखवतोय लेकाचा. त्यात घरी बायकोचं सुरू: "भाऊजींकडे बघा, पोट कसं आत गेलंय." तिला काय, ती बोलून गेली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. पुढच्या खेपेला मलाही तपकिरी मिळाला, पण तोवर तो काळ्याच्या तयारीला लागला होता. दीड वर्षं मी त्या माणसाला पाण्यात पाहिलं.

आता फळीचं सांगतो. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत शेवटी एक लाकडी फळी ठोशाने तोडायची असते. दोन माणसं फळी धरतात, तिसरा मारतो. तीन संधी. सरांचा एक नियम आहे: मारणाऱ्याने आपली फळी आधी बघायची नाही, हात लावायचा नाही. सर म्हणतात, "ज्याने फळी आणली आणि ज्यांनी धरली, त्यांच्यावर भरवसा ठेवायला शिका. तोही परीक्षेचाच भाग." फळ्या आणायचं काम माझ्याकडे. सुतारच ना मी! पांढरं, हलकं, नीट वाळलेलं लाकूड, गाठ नसलेलं, आणि रेघा आडव्या जातील असा काप. अशी फळी बरोबर मध्यावर ठोसा बसला की सरळ दुभंगते. त्यात चमत्कार काही नाही, पण ठोसा अचूकच लागतो.

परीक्षेच्या दोन दिवस आधी दुकानात फळ्या कापत होतो. सात चांगल्या निघाल्या. आठवी हातात आली ती ओलसर, जड, आणि मागच्या बाजूला मधोमध अंगठ्याएवढी गाठ. पुढून काही दिसत नव्हतं. अशी फळी मी एरवी बिनदिक्कत भंगारात टाकतो. त्या दिवशी तिच्यावर रंधा मारला. चांगला दोन्ही बाजूंनी मारला, कडा घासल्या आणि ती वेगळी ठेवली. मनाशी म्हटलं, एकदा आपटेल, सगळ्यांसमोर जरा तोंड पडेल, मग दुसरी देऊ. जरा जमिनीवर येईल, बस. खरं सांगतो, हात मोडावा असं माझ्या मनात नव्हतं. पण हेही खरं की हात मोडू शकतो हे मला कळत होतं आणि मी त्याचा विचार टाळला.

परीक्षेला साडूच्या पाळीला मी तीच फळी काढली. धरायला एका बाजूला आमच्या वर्गात शिकणारी एक नर्स आणि दुसऱ्या बाजूला मी. गाठ आमच्याकडे, साफ बाजू साडूकडे; नर्सला गाठ दिसली तरी लाकडातलं काय कळणार? त्याने नमस्कार केला, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि ठोसा मारला.

फळीतून तो ठोसा माझ्या खांद्यापर्यंत आला. असा ठोसा मी त्या वर्गात कुणाचा पाहिला नाही, सरांचा सोडला तर. नेमका, मध्यावर, पूर्ण अंगाचा. चांगल्या फळीचे दोन तुकडे होऊन वर आणखी एखादी गेली असती. ही हलली सुद्धा नाही. दुसऱ्या ठोशाला कट्‌ असा आवाज झाला. मागून कुणीतरी टाळी वाजवली, लोकांना वाटलं तुटली. सर पुढे झाले. "ठीक आहे ना? थांबायचंय?" साडूचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तरी त्याने मान हलवली: नाही, मारतो.

त्या क्षणी खोक्यात दोन जादा फळ्या पडल्या होत्या. "सर, फळी बदलू या," एवढे चार शब्द म्हणायचे होते. मी मूग गिळून उभा राहिलो. नुसता उभा नाही राहिलो, फळी अजून घट्ट धरली. आणि त्याने तिसरा ठोसा मारला.

पुढच्या धावपळीत मी ती फळी पिशवीत कोंबली आणि घरी नेऊन तिचे बारीक तुकडे केले. डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताची दोन हाडं मोडलीत, त्यातलं एक सरकलंय. सहा आठवडे प्लास्टर. पुढे कात्री पूर्वीसारखी चालेल की नाही, ते तेव्हाच कळेल. शिंप्याचा उजवा हात हो! दवाखान्याच्या बाकावर ताई, म्हणजे माझी मेव्हणी, माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही सोबत होतात म्हणून बरं, नाहीतर मी एकटी काय केलं असतं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्याच्या दुकानात जायला लागलो. तो डाव्या हाताने खडूच्या रेघा मारायचा, मी त्या रेघांवरून कात्री चालवायचो. रेघेवरून कापायची सवय मला आहेच, फक्त कापड लाकडासारखं गप्प राहत नाही. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय चार बोटं तोकडा केला. साडू पोट धरून हसला. "अरे, पँट आहे ही, खुर्ची नाही! मागून घासून सारखी करता येत नाही!" आणि हसता हसता हात हलला म्हणून कळवळला.

लोक माझं कौतुक करायला लागले. सरांनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, याला म्हणतात जोडीदार. बायको म्हणाली, "तुमचा स्वभाव तिरसट, पण वेळेला धावता." रोज कुणीतरी पाठ थोपटायचं आणि रोज मी ठरवायचो, आज सांगतोच. दुकानाच्या पायरीपर्यंत शब्द तयार असायचे. आत गेलो की जीभ रेटायची नाही. आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे लोकांनी केलेलं ते कौतुक कुठेतरी आवडायलाही लागलं होतं. इतका मी हलकट.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी गेलो तर बेतायच्या टेबलावर साडूचा कराटेचा ड्रेस पसरलेला. धुतलेला, इस्त्री केलेला. त्याने कात्री माझ्यापुढे सरकवली.

"याचे चौकोन काप. इस्त्रीला फडकी होतील."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"सरांना कळवलं काल. सोडतोय मी." तो माझ्याकडे बघतच नव्हता. "अरे, चार वर्षं मला वाटत होतं, आपल्याला जमतंय. रोज आरशासमोर मारायचो. आणि एक फळी तुटली नाही. एक साधी फळी! हात मोडला त्याचं मला काही नाही, हाडं जुळतात. पण माझ्यात काही नव्हतंच, हे सगळ्यांसमोर कळलं. माझंच हसू येतं मला. काप."

मी कात्री उचलली. खरंच उचलली. बाहीच्या शिवणीवर पातं टेकवलं आणि हात पुढे जाईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"फळी खराब होती," मी म्हणालो.

"काय?"

"ओली होती. मागे गाठ होती. ती फळी तू काय, सर पण तोडू शकले नसते. तुझा पहिला ठोसा… माझ्या खांद्यापर्यंत आला होता तो. चांगली फळी असती तर पहिल्यालाच तुटली असती."

तो बघतच राहिला. मला वाटलं, आता शिवी येणार. वाटलं काय, मी तिचीच वाट बघत होतो. पण त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"म्हणजे माझा ठोसा बरोबर होता?"

"एकदम बरोबर."

"शपथ?"

"तुझ्या गळ्याची."

"अगं ए!" तो माडीकडे तोंड करून ओरडला. "ऐकलंस का? फळीच वाईट होती!" वरून ताईचा आवाज आला, "चहा घेऊन येतेय, थांबा." तो लहान मुलासारखा टेबलाभोवती एक फेरी मारून आला आणि डाव्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घातला. "गाढवा, मग एवढं रडतोस काय? आठ फळ्यांत एखादी चुकून येते. पाच आठवडे हेच मनात घेऊन बसला होतास होय? चुकून झालं रे, जाऊ दे."

झालं, सुटलो असतो. त्यानेच दार उघडून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती.

"चुकून नाही," मी म्हणालो. "मी निवडून दिली."

त्याचा हात माझ्या पाठीवर होता तो तिथेच थांबला. मग खाली गेला. का, असं त्याने विचारलंच नाही. चार वर्षं तोही त्याच रांगेत उभा होता, त्याला ते माहीत असावं.

"दुसऱ्या ठोशाला आवाज झाला," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटलं फळीचा. तुला काय वाटलं?"

तीस वर्षं लाकडात गेली माझी. लाकूड कुठे चिरतं, कुठे फुटतं, मी आंधळ्याने सांगावं तसं ऐकून सांगतो.

"मला कळलं," मी म्हणालो. "फळीचा नव्हता."

"आणि तिसरा मारू दिलास."

"हो."

त्याने माझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि खणात ठेवली. मग प्लास्टरच्या हाताने ड्रेस दाबून धरून डाव्या हाताने त्याच्या घड्या घालायला लागला. बाही नीट बसेना. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे." ओरडून नाही, हळूच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

जिन्यावर कपबशांचा आवाज आला. तो मान वर न करता म्हणाला, "तिला मी नाही सांगणार. ती तुझ्यासाठी रोज देवाला हात जोडते. तूच सांग."

ताई खाली आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि कप तिने आधी माझ्यापुढे केला.

"घ्या, तुमचा आधी. काय म्हणत होते हे फळीचं?"

मी कप घेतला नाही. म्हटलं, "ताई, तुम्ही आधी बसा."