डाव्या हाताची थाप

झाकण एक. तळाचे स्क्रू दहा. मधे बरीच वर्षं एक हरवला होता. रबरी पाय चारांपैकी तीन. बटणं सगळी शाबूत. आणि पोटाशी, दोन जाळ्यांमागे, आगपेटीहून लहान असे दोन स्पीकर. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि ही माझी सगळी मालमत्ता.

योगिनी अकरावी सायन्सला गेली तेव्हा मी बिडकीनजवळच्या तिच्या घरी आलो. साल दुष्काळाचं होतं. घरची मेंढरं चाऱ्यासाठी लांब नेली होती आणि निम्मी विकूनच माणसं परतली होती. बिरोबाची जत्रा यंदा नको, असं गावात चाललं होतं. योगिनीचे आजोबा, बिरूबाबा, एवढंच म्हणाले, "पाणी नाय तर नाय. ढोल कोरडाच वाजतो."

त्या संध्याकाळी त्यांनी अंगणात ढोल वाजवला आणि योगिनीने तो माझ्यात साठवून ठेवला. उजव्या हातात काठी, तिचा आवाज कडक. डाव्या हाताची उघडी थाप, तिचा आवाज खोल. गजे, म्हणजे ढोलावर नाचणारी माणसं, वळतात ती या खोल थापेवर.

पुढे पाऊस आला, मग रुंद रस्ता आला, आणि जिथे मेंढरं चरत त्या माळावर कंपन्यांची कुंपणं आली. बिरूबाबा गेले. योगिनी शहरात बी.एस्सी. झाली. मी मात्र गावच्या घरीच राहिलो, आणि मानात होतो. दर खंडेनवमीला दगडाबाई, म्हणजे योगिनीची आजी, विळा, लोकर कातरायची कात्री आणि ढोल यांच्या रांगेत मलाही मांडत आणि मूठभर भंडारा उधळत. गेल्या वर्षी तो भंडारा डाव्या जाळीतून आत शिरला आणि माझा डावा स्पीकर खरखरू लागला. शहरात औरंगपुऱ्यातल्या दुरुस्तीवाल्या गयासभाईंनी तो बदलून दिला. आवाज स्वच्छ आला, सगळे खूश झाले.

या वर्षी जत्रेत ढोल वाजवायचं योगिनीच्या चुलतभावाने, भारतने, कबूल केलं. शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. माझ्यातला तो ढोल तेवढा होता. कंपनीतून सुटला की भारत माझ्यासमोर बसे आणि ऐकू येईल तसं वाजवी. एकदा दगडाबाई उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत राहिल्या.

"पत्रा बडवल्यागत वाजतंय," त्या म्हणाल्या. "तुझ्या आज्याचा डावा हात कुठं गेला?"

भारत म्हणाला, यात आहे तेवढंच वाजवतोय. गज्यांचंही पाऊल अडत होतं. जत्रा तोंडावर आली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, जमत नसेल तर लासूर स्टेशनचा ढोलवाला बोलवू. भारतने ढोल खुंटीला अडकवला.

योगिनी सुट्टीला आली ती या रुसव्यात. तिने आधी माझ्या आवाजाच्या सेटिंग तपासल्या. मग जाळ्या ब्रशने झाडल्या. चौथा पाय नसल्याने मी जमिनीला टेकतो की काय, म्हणून मला दोन विटांवर ठेवलं. काही फरक पडला नाही. मग तिने कानात इयरफोन घातले. डावी थाप तिथे होती, पहिल्यासारखी. तिने ते आजीपुढे धरले.

"मला एकटीला कशाला?" दगडाबाई म्हणाल्या. "गजे काय ही दोरी कानात घालून नाचणार व्हय?"

साठवण शाबूत, म्हणजे दोष स्पीकरात. योगिनीने नुसता डावा वाजवला, थाप आली. नुसता उजवा वाजवला, थाप आली. दोन्ही एकदम लावले की गेली. तिने थापेसारखा खोल, १२० हर्ट्‌झचा सूर लावून फोनवर मोजलं. एकेकटा अठ्ठावन्न डेसिबल. दोन्ही मिळून त्रेचाळीस.

नव्या स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. एक पडदा हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ती ओढून घेत होता. कडक आवाज त्यातूनही निभावतो, खोल आवाज नाही. तिने हे आजीला सांगितलं.

"जात्याला दोघी बसल्या अन् एकीनं उलटं ओढलं, तर पीठ कुठून पडंल?" दगडाबाईंना ते लगेच पटलं.

गयासभाईंनी मला उघडलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, दोन्ही तारा काळ्याच होत्या. आवाज आला, तर मी ढक्कन लावून दिलं." त्यांनी तारांची अदलाबदल केली, एका तारेवर लाल खूण केली आणि हरवलेला दहावा स्क्रूही बसवून दिला.

मित्रांनो, माझी पूजा जरूर करा, पण भंडाऱ्याचं बोट झाकणाला लावा, जाळीत उधळू नका. आणि वस्तू दुरुस्त होऊन आली की ती चालते का, एवढंच पाहू नका. आधी जे देत होती ते सगळं देते का, हे एकदा थांबून ऐका.

दुरुस्त होऊन आलो त्या संध्याकाळी मला अंगणात मांडलं. गजे आले. माझ्यातून बिरूबाबांचा ढोल सुरू झाला तेव्हा दगडाबाई उठल्या. खुंटीवरचा ढोल काढून त्यांनी भारतच्या गळ्यात अडकवला आणि त्याचा डावा हात धरून ढोलाच्या चामड्याच्या पानावर ठेवला. योगिनीने तोच खोल सूर लावून पुन्हा मोजलं.

दोन्ही मिळून चौसष्ट डेसिबल.