काचेतला ढोल

मित्रांनो, माझ्यापुढे रोज उदबत्ती लागते, म्हणून मला देव समजू नका. मी एक जुना ढोल आहे. माझं अंग फणसाच्या खोडाचं आणि तोंडं बोकडाच्या कातड्याची. तळेघरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या राघू धनगराचा मी.

आमच्याकडे पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. म्हणून पावसाळ्यात राघू मला चुलीच्या वर धुरात टांगायचा. धुरानं मी काळा ठिक्कर पडलो, पण भैरवनाथाच्या जत्रेत माझा आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत जायचा.

राघूची पुतणी राजनंदिनी माझ्यावरच पहिल्यांदा वाजवायला शिकली. पोरीनं ढोल धरला म्हणून वाडी हसली. राघूनं हसणाऱ्यांना भीक घातली नाही. "हात सैल सोड, बाय. ढोल बडवायचा नसतोय, त्याला बोलता करायचा असतोय," असं तो सांगायचा. पुढे ती भजनी मंडळाची पेटी शिकली, मग पुण्यात गिटार आणि ड्रम. पेटीचं ठीक होतं, गिटारचा मात्र मला राग आला, खोटं कशाला बोलू? ती रॉक बँडमधली मोठी कलाकार झाली. टीव्हीवर कुणी विचारलं, काय काय वाजवता? तिनं पहिलं नाव माझं घेतलं. मी फुगलो, आणि तिथंच माझं वाटोळं झालं.

तिच्या वडिलांनी, हनुमंतानं, मला चुलीवरून काढून नव्या घरात काचेच्या कपाटात बसवलं. रोज हळदकुंकू आणि वर पाण्याचा शिडकावा.

राघूनं हात जोडले. "दादा, कातडं सुकं ऱ्हायला त्याला धूर लागतोय. पानी नगं मारू."

"आता त्यो देव हाय. देवाला चुलीवर टांगत्यात व्हय?"

राघूचं वय झालंय, दम पुरत नाही. मरायच्या आत एकदा पुतणीसोबत नाथापुढे वाजवावं, एवढीच त्याची आस होती. यंदा ती जत्रेला आली. राघूनं धुतलेलं मुंडासं बांधलं. तिनं मला गळ्यात अडकवलं आणि ती राघूला म्हणाली, "नाना, तुमी झांज धरा."

पहिल्याच थापेला माझं कातडं भिजल्या भाकरीसारखं फाटलं. तिचा हात मनगटापर्यंत आत गेला.

"नवीन चढवून घेऊ, नाना."

"चढवनारा कोन ऱ्हायलाय, बाय? आन तू तरी कवा येनार?"

संध्याकाळी तिची गाडी गेली. हनुमंतानं माझी फाटकी बाजू भिंतीकडे केली आणि पूजा चालू ठेवली.

मित्रांनो, घरात एखादं वाद्य असेल तर त्याच्या पाया पडू नका, त्याला वाजवा. माझी वेळ तर निघून गेली. परवा राघू आला होता. त्यानं काचेवर बोटांनी हळूच ठेका धरला. मला साथ देता येईना.

"काच फुटंल, राघू," हनुमंत आतून म्हणाला.

राघूनं हात काढून घेतला.