अकरा वेळा

टिकटिक्याने आयुष्यभर घड्याळे उघडली. त्याच्या मुलाने, खरखऱ्याने, रेडिओ उघडले. आणि खरखऱ्याच्या धाकट्या मुलाने, शिडीवाल्याने, शहरभरच्या गच्च्यांवर अँटेना चढवल्या. तिन्ही पिढ्यांच्या हाताला यश होते. जिभेला धार मात्र त्या घरात एकालाच मिळाली, शिडीवाल्याच्या थोरल्या भावाला. शिडीवाल्याची मुलगी जन्मली ती तिन्ही पिढ्यांचे यश हातात घेऊन आणि जिभेला गाठ घेऊन.

नऊ वर्षांची असताना ती धापा टाकत घरच्या दुकानात शिरली होती.

"बा... बा... बा..."

थोरल्या काकांनी डोळ्यावरचे भिंग काढून टेबलावर ठेवले आणि गिऱ्हाइकांकडे पाहत म्हटले, "गाडी चढावर अडली! पुन्हा पहिल्यापासून, बाईसाहेब."

गिऱ्हाइके हसली. असे अकरा वेळा झाले. बाराव्या वेळी "बाबा शिडीवरून पडले" हे वाक्य अखंड बाहेर आले. डॉक्टर पोहोचले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. ते अकरा तिने मोजले होते, काकांनी नव्हते. मारणाऱ्याला आकडा कुठला आठवायला?

आता तिची चाळिशी उलटली होती आणि दुकान तीच चालवीत होती. काकांचा आवाज दोन वर्षांपूर्वी घशाच्या शस्त्रक्रियेत गेला. पण गप्प बसतील ते काका कसले! त्यांनी तळहाताएवढा एक बोर्ड आणला. हौशी लोक घरी खटपट करतात, तसला उघडा, हिरवा संगणक. त्याला स्पीकर जोडला, कीबोर्ड जोडला. काका टाइप करीत आणि स्पीकर त्यांच्या वतीने भरदार, सपाट आवाजात बोले. फक्त बोर्ड मध्येच मरे आणि मिनिटभराने आपला आपण उठे. दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिरांच्या संघटनेत काकांचा सत्कार होता. तीनशे माणसांपुढे स्वतः बोलायचे, याखेरीज त्यांना आता आयुष्याकडून काही नको होते. म्हणून त्यांनी पुतणीला बोलावणे धाडले.

तिने मेमरी कार्ड बदलले. सगळी यंत्रणा नव्याने चढवली. चिप तापते म्हणून पंखा बसवला. बोर्ड तरीही मेला.

काकू भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, हे माझ्यावर ओरडले की नेमकं मरतं बघ ते. गोड बोलले तर तासभर चालतं. चाळीस वर्षांनी कुणाला तरी माझी दया आली!"

पुतणीचा हात थांबला. तिने मीटर लावला आणि आवाज हळू ठेवला. पाच व्होल्ट. आवाज चढवला. साडेचार, आणि बोर्ड गतप्राण. स्पीकर आणि बोर्ड एकाच वायरीवर पोसले जात होते, आणि ती वायर काकांनी भंगाराच्या खोक्यातून उपसलेली, कुठल्याशा जुन्या मोबाइल चार्जरची, धाग्यासारखी बारीक होती. ओरडण्याला लागणारी वीज तिच्यातून येतच नव्हती. तिने आवाज पुन्हा उतरवला आणि पिशवीतून जाड वायर काढली.

"का... काका, वा... वा... वाय..."

काकांनी बोट वर केले. मग ते बोट सावकाश कीबोर्डवर उतरले.

"पुन्हा पहिल्यापासून," स्पीकर म्हणाला.

"अहो, लाज वाटू द्या जराशी!" काकू कडाडल्या. काका खांदे हलवून, आवाज न करता, हसत होते.

पुतणीने जाड वायर गुंडाळून पिशवीत परत ठेवली.

"काही नाही, काका," ती म्हणाली. जीभ एकदाही अडली नाही. "एवढ्या आवाजात छान चालतंय."

हे अक्षरशः खरे होते.

सभागृहात शाल झाली, नारळ झाला. काकांनी स्पीकरचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि लिहून आणलेले भाषण टाइप करायला घेतले.

"मंडळी, माझ्या घरा..."

शांतता. मिनिटभराने बोर्ड उठला.

"मंडळी, माझ्या घरा..."

तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी "घराला कुलूप आहे वाटतं!" म्हणाले. पाचव्या वेळी पुढची रांगही हसली. काकांच्या कपाळावरून घाम ओघळून कीबोर्डवर टपटपत होता. आवाज कमी करावा, हे मात्र त्यांच्या मनातही आले नाही, कारण जन्मात कधी केलाच नव्हता. आठव्या वेळी अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. काकूंनी पुतणीला कोपराने ढोसले. "अगं, जा की! तुला येतं ना?"

"थांबा, काकू."

मांडीवर ती बोटे मिटत होती. नऊ. दहा. अकरा.

मग ती उठली. मंचावर जाऊन तिने बारीक वायर उपटली, काकांच्या हातात दिली आणि जाड वायर लावली. बोर्ड उठला तो पुन्हा न मरण्यासाठी. काकांनी हातातल्या वायरीकडे पाहिले, मग तिच्याकडे. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. कारागीर ते पक्के होते.

ती त्यांच्या कानाशी वाकली.

"पुन्हा पहिल्यापासून, काका."

त्यांची बोटे पहिल्याच अक्षरावर अडखळत होती. तेच अक्षर पुन्हा पुन्हा टाइप होत होते, आणि स्पीकर भरदार, स्वच्छ आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवत होता:

"मं... मं... मं..."

अकरा घेतले होते, अकरा परत केले. बारावे काकांचे स्वतःचे होते. ते त्यांच्याजवळ ठेवून ती मंचावरून उतरली.