मोडलेला माग

भगवंत पाटील आमच्या दारात स्वतःच्या पायांनी कधी आले नव्हते. काम असलं की निरोप यायचा, आणि बा पळत जायचा. त्या दिवशी मात्र सूर्य कासराभरही वर आला नव्हता आणि पाटील अंगणात उभे! मागं खुशालराव, त्यांच्या मागं आणखी तिघं. पाचही जणांच्या हातात काठ्या. माय शेण भरत होती, तिच्या हातून टोपलंच सुटलं.

"पुंजाराम, गुरं सोडली का?"

"सोडूनच राह्यलो, पाटील," बा म्हणाला. माझा बा निंभारी गावचा गायकी. घरोघरची गुरं गोळा करून रानात न्यायची आणि दिवस मावळता ज्याची त्याच्या दारात पोचवायची. त्यावर आमचं पोट.

"आज नाल्याच्या वावरातून ने."

"तिकडं त कापूस हाये! गुरं तोंड घालतीन."

"घालू दे."

बानं पाटलांकडं असं पाहिलं की यांना ताप तर नाही चढला? खुशालरावांची साडेतीन एकरांची पराटी, म्हणजे उभी कपाशी, होती तिथं, आणि ते स्वतः मागं उभं राहून मान हलवत होते.

पाटील जवळ सरकले. आवाज एकदम बारीक झाला. "खैरखेडात चोरी झाली रात्री. रुईचे गठ्ठे नेले अन् जागल्याच्या डोक्शात कुऱ्हाड घातली. चोरायचा माग आपल्या नाल्यात उतरला. चार मानसं. म्या आपल्या डोयानं पाह्यली पावलं."

माय मटकन खाली बसली.

आमच्याकडची रीतच तशी. चोराची पावलं ज्या गावाच्या शिवेत शिरतील, त्या गावानं ती पुढं काढून दाखवायची. बाहेर गेलेली दाखवली की गाव सुटलं. नाही दाखवता आली, तर चोर तुमच्यातच, द्या काढून. गेल्या महिन्यात तेल्हाऱ्याच्या अंगाला एका गावात माग असाच हरवला. दोन माणसं ठाण्यात नेली. त्यांतला एक अजून घरी आला नव्हता, आणि त्याची बायको रोज रस्त्यावर येऊन बसायची.

लढाई म्हणे सात समुद्रापार कुठंतरी लागली होती, आणि भाव चढला होता आमच्या कापसाला. बायकांच्या गळ्यात पुतळ्या आल्या, पोरांच्या अंगात नव्या बंड्या आल्या, आणि मागोमाग भीती आली. आधी वेचलेला कापूस वावरात उघडा पडून असायचा. आता कापूस घरात झोपायचा आणि माणसं अंगणात. वाटसरूनं पाणी मागितलं तरी आतून कडी लागायची. वेचायला बायका दहा-दहांच्या घोळक्यानं जायच्या, आणि तुरीत नुसतं सळसळलं तरी ओटीतला कापूस सांडून पळायच्या. मीही पळाले होते एकदा. धापा टाकत मागं वळून पाहिलं, तर शेळी!

"पाटील, माग मोडनं बरं नाही," बा म्हणाला.

"तू गायकी हायेस, गायकीच ऱ्हाय. पावलं कोनाचीबी असतीन, आपल्या गावात ती नाहीतच. समजलं?"

बानं काठी उचलली. मला पंतोजींच्या शाळेत जायचं होतं. पाटी घेऊन निघाले, पण पाय नाल्याकडंच वळले. बांधाआडून पाहिलं. साठ-सत्तर गुरं, दोन्ही अंगांनी ही शहाणी माणसं काठ्या आपटत, "हिर्र्‍या, हिर्र्‍या!" करत पळवत होती. पराटी मोडली, बोंडं चिखलात गेली. एक पाऊल राहिलं असावं. पाटलांनी ते स्वतःच्या टाचेनं घासलं.

दुपार व्हायच्या आत खैरखेडचे तीस-चाळीस लोक नाल्यावर आले. पुढं नत्थुजी. आमच्या परिसरात माग काढणारा तोच. वयानं वाकलेला की जन्मभर खाली पाहून, देव जाणे. हातात बाभळीची काडी, चारी चोरांच्या पावलांची मापं खाचांनी कोरलेली. पलीकडच्या काठावर शेवटच्या पावलावर त्यानं टोपली पालथी घालून माणूस बसवला होता. अलीकडं शेण आणि खुरं.

नत्थुजी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माग मोडला," तो म्हणाला. "मोडनारा चोराच्या आधी धरायचा, हे ठावं हाये ना निंभारीवाल्यायले?"

"जागल्या अजून शुद्धीवर नाही," खैरखेडचा एक जण पुढं आला. "मेला त कोनाले फासावर देता, बोला!"

सगळं गाव नाल्यावर जमलं होतं. पाटलांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"आमचा काय दोष, बाप्पा? हा गायकी. यानं आपल्या मनानं गुरं आनली. इचारा खुशालरावाले."

खुशालरावांनी आपल्या मोडलेल्या पराटीकडं पाहिलं. "हो. आपल्या मनानं."

मी बाकडं पाहिलं. आता बोलेल, आता बोलेल. त्यानं काठी खाली ठेवली आणि हात पुढं केले. गायकी घरोघरची भाकर खातो. कोणत्या घराविरुद्ध तोंड उघडायचं? बैलाला बांधायच्या कासऱ्यानं खैरखेडवाल्यांनी त्याचे हात बांधले. मायनं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी पिचली. "चूप, सुभद्रे. चूप वं."

पण शाळेत वीस पोरांच्या मागं मी एकटी पोरगी बसायची (पंतोजींची गाय बा फुकट चारायचा, त्या बदल्यात) आणि उत्तर येत असलं की उभं राहायचं, ही सवय अंगात भिनली होती. मी उभीच होते. तरी आणखी उभी राहिले.

"नत्थुबाबा, चोरायचा माग मोडला. मोडनाऱ्यायचा त हाये ना? तो काढा."

कोणी तरी हसलं. "पुंजाराम, तुह्या पोट्टीले शाळेतलं भूत लागलं!" खुशालराव म्हणाले.

"बा एकटाच असन, त पावलं एकाचीच असतीन," मी म्हणाले. आवाज फाटला, पण निघाला. "मोजा ना!"

नत्थुजीनं आल्यापासून पहिल्यांदा मान वर केली. मला पाहिलं आणि खाली बसला. काडीनं खूर उकरले, दोन पावलं पुढं, तीन मागं. बराच वेळ गेला.

"गुरं चरत नाही आली. खूर खोल हायेत, पळवत आनली. मागं एक अनवानी, तो गायकी. डाव्या अंगाले दोन मानसं, उजव्याले तीन." तो थांबला. "अन् हा जोडा कोरा. टाचेत खिळे."

कापसाच्या भावावर अचलपूरहून आणलेला जोडा गावात एकच होता. पाटलांनी पाय धोतराआड घेतले.

"पाटील, पाय पुढं करा."

पाटील हलले नाहीत. खुशालरावच कोसळले. "भेलो आमी, नत्थुजी! चोरी नाही केली, देवाची आन! नुसते भेलो!" एवढा मोठा माणूस, ढेकळांवर बसून लहान लेकरासारखा रडायला लागला.

"पाचायले बांधता का?" खैरखेडवाल्यांनी विचारलं.

"बांधाबांधी मंग. चोरायले काय पंख फुटले? गुरं जिथवर आली, त्याच्या भायेरून येढा मारू."

नत्थुजी गोल फिरत गेला, आणि मोडलेल्या रानापलीकडं दुसऱ्याच वावरात, ओल्या काळ्या मातीत, चार माणसांची पावलं! काडी चारीवर बसली. चोर आमच्या गावात थांबलेच नव्हते. पाणी प्यायलासुद्धा नाही. सरळ पुढच्या गावाच्या, उमरीच्या शिवेकडं निघून गेले होते. सकाळी गुरं घातली नसती, तर घटकाभरात गाव मोकळं झालं असतं.

"भेत्यापाठी ब्रह्मराक्षस," म्हणत नत्थुजी थुंकला. "चला. गावानं माग पोचवून द्याचा असते. पाटील, जोडा काढा, खिळे लय गोंधळ करतेत."

बाचे हात सोडले. मनगटांवर लाल वळ होते. तरी तोच पुढं चालला, रान त्याच्याइतकं कोणाला माहीत? मागं नत्थुजी, मागं अनवाणी पाटील, काटा टोचला की "आई गं" करत. मीही गेले. कोणी मागं फीर म्हणालं नाही.

उमरीच्या शिवेवर त्यांचं गाव काठ्या घेऊन उभं होतं. तोंडं पांढरीफटक. त्यांच्या मागं, भर दुपारी, सगळी गुरं रानातून वळवून एका जागी कोंडून धरलेली.

"इकडं कोनी आलं नाही!" त्यांचा पाटील लांबूनच ओरडला. "आमच्या गावात कोनाचीच पावलं नाहीत!"

भगवंत पाटील पायातला काटा काढत राहिले. मग बा दोन पावलं पुढं गेला.

"भेऊ नका, पाटील," तो म्हणाला. "पयले गुरं बांधा."